गनमेटलचं ॲनालिसिस: बेरीज जुळतेय, कथील जुळत नाही

शिरोलीकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे पण सगळंच लिहितो, म्हणजे चूक कुठं आहे ते कुणाला तरी दिसेल.

मी कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे, बीएस्सी केमिस्ट्री करून दोन वर्षं झाली. आमच्याकडं पंपाचे गनमेटलचे बुश ओततात, ८५-५-५-५ वालं, म्हणजे तांबं ८५ आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५ टक्के. एरवी स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी मारली की मिनिटभरात सगळे आकडे हातात येतात, पण मशीन रिपेअरला गेलंय आणि माल तर थांबवता येत नाही, म्हणून कॉलेजात शिकलेलं वजनी पृथक्करण बाहेर काढलं. चारही धातू एकाच नमुन्यातून, एकामागून एक.

नमुना १.००२४ ग्रॅम टर्निंग (धातूचा किस), ॲसिटोननं तेल काढून वाळवलेलं. नायट्रिकमध्ये विरघळवलं, कथलाचा पांढरा साका (द्रावणातून वेगळा होऊन तळाला बसणारा घन पदार्थ, इथं मेटास्टॅनिक ॲसिड) खाली राहिला, तो गाळून मफल भट्टीत जाळला, टिन ऑक्साइड ०.०७९२ ग्रॅम. गाळलेल्या पाण्यात सल्फ्युरिक घालून पांढरा धूर निघेपर्यंत आटवलं, लेड सल्फेट ०.०७१३ ग्रॅम. मग प्लॅटिनमच्या जाळीवर इलेक्ट्रोलिसिस करून तांबं ०.८३७९ ग्रॅम. शेवटी अमोनियानं लोखंड काढून टाकून जस्ताचं फॉस्फेट पाडलं, जाळून झिंक पायरोफॉस्फेट ०.११३९ ग्रॅम.

टक्के असे आले (मधला गुणक, म्हणजे फॅक्टर, हा तोललेल्या पदार्थात त्या धातूचा वाटा):
कथील ०.०७९२ × ०.७८७७ ÷ १.००२४ = ६.२२
शिसं ०.०७१३ × ०.६८३२ ÷ १.००२४ = ४.८६
तांबं ०.८३७९ ÷ १.००२४ = ८३.५९
जस्त ०.११३९ × ०.४२९१ ÷ १.००२४ = ४.८८
एकूण ९९.५५

उरलेलं अर्धा टक्का लोखंड, निकेल वगैरे असणार. मला तर बरं वाटलं. पण त्याच टर्निंगचा अर्धा भाग गिऱ्हाइकाच्या लॅबला गेला होता, त्यांचं कथील आलंय ५.१ आणि तांबं ८४.७. शिसं-जस्त दोघांचंही तेच. आमच्या ऑर्डरला कथील ४ ते ६ चालतं, म्हणजे माझ्या हिशोबानं हीट (भट्टीतून एका वेळी ओतलेला माल) नापास आणि त्यांच्या हिशोबानं पास. भट्टीवरचे मामा विचारतायत पुढच्या हीटला कथील एक टक्का कमी टाकू का, कारण कथील तांब्यापेक्षा कितीतरी महाग. काय सांगू त्यांना? माझी बेरीज जुळतेय म्हणजे माझंच बरोबर धरायचं ना?

---

ओतारी | सोमवार, रात्री १०:१५

मी केमिस्ट नाही पण तीस वर्षं ओतकामात काढलीत त्यामुळं पहिला प्रश्न, टर्निंग कुठनं घेतलं? कथलाच्या ब्राँझला घाम येतो. ओतीव थंड होताना आतलं कथीलवालं पातळ मिश्रण वरच्या कातडीकडं ढकललं जातं आणि बाहेर बारीक पांढरे मणी दिसतात, आम्ही त्याला टिन स्वेट म्हणतो. नुसती वरची साल काढून टर्निंग घेतलं असशील तर कथील जास्तच येणार, त्यात तुझ्या हाताची चूक नाही.

आणि एक, चार-चार धातू कशाला काढत बसलास? तांबं, कथील, शिसं काढायचं आणि शंभरातून वजा करून जस्त लिहायचं. आमच्या जुन्या लॅबला असंच चालायचं, एक दिवस वाचतो.

---

शिरोलीकर | सोमवार, रात्री १०:३२

काका, साल आधीच काढून टाकली होती. मग आरपार भोक पाडून सगळा चुरा एकत्र केला, चांगला कालवला आणि त्यातनंच दोन पुड्या केल्या, एक माझी एक त्यांची. त्यामुळं घामाचं कारण दोघांनाही सारखंच लागू व्हायला हवं.

---

चंचुपात्र | मंगळवार, सकाळी ७:०५

शिरोलीकर, सगळे आकडे कच्च्या वजनांसकट दिलेस ते फार चांगलं केलंस. मी पस्तीस वर्षं कॉलेजात हे प्रॅक्टिकल घेतलं, मुलं नेहमी फक्त शेवटचा टक्का दाखवायची आणि मग चूक शोधायला काही धागाच उरायचा नाही.

उत्तर द्यायच्या आधी मला तीन गोष्टी सांग. जाळल्यावर कथलाच्या ऑक्साइडचा रंग कसा होता? साका कशानं धुतलास? आणि विरघळवल्यापासून गाळेपर्यंत किती वेळ, कसा ठेवलास?

ओताऱ्यांच्या घामाचा मुद्दा रास्त आहे, नमुना चुकला तर पुढचं सगळं वाया. पण वजाबाकीनं जस्त काढायचा सल्ला मात्र कृपा करून घेऊ नकोस. तीन धातूंमध्ये झालेली प्रत्येक चूक, शिवाय लोखंड, निकेल, अँटिमनी जे काय असेल ते, सगळं गुपचूप जस्ताच्या नावावर जमा होतं आणि बेरीज कायम बरोबर शंभर. मालात जस्त किती आहे याचा त्या आकड्याशी संबंध राहीलच असं नाही.

---

शिरोलीकर | मंगळवार, दुपारी १:२०

सर, डबा खाता खाता लिहितोय.

रंग पांढरा नव्हता. गरम असताना पिवळसर होता, ते तसंच असतं म्हणून सोडून दिलं, पण गार झाल्यावरही मळकट राहिला, करडा, थोडा हिरवटपणाकडं झुकणारा. क्रूसिबलच्या कडेला जरा जास्तच. धुतलं साध्या डिस्टिल्ड पाण्यानं, गार, चार-पाच वेळा. आणि ठेवलं म्हणाल तर फारसं नाही ठेवलं. तपकिरी धूर थांबला, पाणी घातलं, दहा मिनिटांत गाळायला घेतलं. गाळताना शेवटी शेवटी गढूळ उतरायला लागलं होतं म्हणून परत त्याच कागदातनं सोडलं.

---

चंचुपात्र | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मग सापडलं. तुझ्या कथलात तांबं बसलंय.

मेटास्टॅनिक ॲसिड हा साधा साका नाही. बेरियम सल्फेटसारखे नीट स्फटिक नसतात त्याचे, चिकट, फुगलेला, अतिबारीक कणांचा लगदा असतो आणि आजूबाजूला जे असेल ते धरून ठेवतो, तांबं, लोखंड, शिसं, अँटिमनी असेल तर तेही. त्यातून तू त्याला मुरायला वेळच दिला नाहीस. वर साध्या पाण्यानं धुतलंस. साध्या पाण्यानं असला साका परत कणाकणानं सुटा होतो आणि कागदातून निसटतो, तेच तुझं गढूळ पाणी. धुवायला एक टक्क्याच्या आसपास नायट्रिक घातलेलं गरम पाणी लागतं. शुद्ध टिन ऑक्साइड गार झाल्यावर पांढरं दिसतं, तुझ्या क्रूसिबलच्या कडेचा हिरवट-करडा रंग म्हणजे कॉपर ऑक्साइड.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, बेरीज जुळली म्हणजे बरोबर का? हे मी फळ्यावर कायम करून दाखवायचो, इथेही करतो. टिन ऑक्साइडवरून कथील काढायचा फॅक्टर ११८.७१ ÷ १५०.७१, म्हणजे ०.७८७७. कॉपर ऑक्साइडवरून तांबं काढायचा फॅक्टर ६३.५५ ÷ ७९.५५, म्हणजे ०.७९८९. दोन्ही किती जवळ आहेत बघ. समज तुझ्या साक्यात १० मिलिग्रॅम कॉपर ऑक्साइड अडकलं. तू ते कथील समजून मोजलंस, म्हणजे कथलाच्या खात्यात ७.९ मिलिग्रॅम जास्त. तेच तांबं पुढे इलेक्ट्रोडपर्यंत पोचलं नाही, म्हणजे तांब्याच्या खात्यात ८.० मिलिग्रॅम कमी. बेरजेत फरक पडला ०.१ मिलिग्रॅमचा! तुझ्या तराजूचं शेवटचं घर आहे ते. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले आणि एकूण रक्कम तीच राहिली, म्हणून बेरजेला काही कळलंच नाही. शिसं अडकलं असतं तर त्याचा फॅक्टर ०.९२८३ असल्यामुळे बेरीज थोडी तरी खाली आली असती आणि तुला शंका आली असती. तांब्याच्या बाबतीत तेवढाही इशारा मिळत नाही.

त्यामुळे मामांना आजच सांग, कथील कमी करू नका. खरं कथील ५.१ असेल आणि त्यांनी एक टक्का काढला तर पुढची हीट ४ च्या काठावर येईल.

तुझं क्रूसिबल अजून ठेवलं आहेस ना? टाकू नकोस. त्यात ऑक्साइडच्या पंधरापट अमोनियम आयोडाइड मिसळ आणि ४२५ ते ४७५ डिग्रीला तापव, वाफा थांबेपर्यंत. कथील आयोडाइड होऊन उडून जातं, तांबं-लोखंड मागे राहतं. जांभळी आयोडीनची वाफ भरपूर येते तेव्हा फ्युम कपाटात, काच खाली ओढून, पंखा चालू आहे याची खात्री करूनच. गार झाल्यावर दोन-तीन मिली तीव्र नायट्रिक घाल, हळूहळू आटव, परत जाळून वजन घे. आधीच्या वजनातून हे वजा कर, ते तुझं खरं टिन ऑक्साइड. उरलेला काळपट चुरा नायट्रिकमध्ये विरघळवून त्यातलं तांबं वेगळं काढ आणि तांब्याच्या आकड्यात मिळव.

---

मृण्मयी_अकरावी | मंगळवार, रात्री ८:३०

सर, मी अकरावीला आहे, विचारू का? आम्हाला क्लासमध्ये दोन गणितं दिलीत. एक, चांदी-तांब्याच्या ०.५००० ग्रॅम मिश्रधातूपासून ०.६१४६ ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड मिळालं. ते मला आलं, १०७.८७ भागिले १४३.३२ म्हणजे ०.७५२६, त्यावरून चांदी ९२.५ टक्के. दुसरं नाही कळत. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचा १.००० ग्रॅम मिश्रधातू, दोघांचे ऑक्साइड मिळून १.७५० ग्रॅम, तर ॲल्युमिनियम किती? इथे तर एकच वजन दिलंय आणि माहीत नसलेले दोन आहेत.

---

चंचुपात्र | मंगळवार, रात्री ९:१०

जरूर विचार बेटा. दोन माहीत नाहीत, पण दोघांची बेरीज १ ग्रॅम आहे हे दुसरं समीकरण तुझ्याकडे आहेच. ॲल्युमिनियम क्ष धर, मॅग्नेशियम १ वजा क्ष. एक ग्रॅम ॲल्युमिनियमचं ऑक्साइड १.८८९५ ग्रॅम होतं, एक ग्रॅम मॅग्नेशियमचं १.६५८३. सगळंच मॅग्नेशियम असतं तर १.६५८३ आलं असतं, आलं १.७५०, म्हणजे ०.०९१७ जास्त. प्रत्येक ग्रॅम ॲल्युमिनियममागे ०.२३१२ जास्त येतं. भागाकार कर, ०.३९७, म्हणजे ३९.७ टक्के.

आता परीक्षेत कुणी विचारणार नाही असं एक करून बघ. वजन १.७५० ऐवजी १.७५१ आलं असं धर, एका मिलिग्रॅमचा फरक. उत्तर थेट ४०.१ होतं. दोघांचे गुणक जवळजवळ असले की एवढीशी वजनाची चूक चौपट होऊन उत्तरात उतरते. वर शिरोलीकरांचं झालं तेही याच जातीचं आहे. त्यांचे दोन फॅक्टर तर इतके शेजारी की वजन बघून कोण कोण आहे ते ओळखताच येत नाही.

याच्या उलटही असतं. निकेल डायमिथाइल ग्लायॉक्झिमनं पाडलं की लालचुटुक साका येतो, त्याचा फॅक्टर फक्त ०.२०३२. साका निकेलच्या जवळजवळ पाचपट जड, म्हणून तिथे एका मिलिग्रॅमची चूक निकेलमध्ये ०.२ मिलिग्रॅमच राहते. शिवाय अमोनियाच्या द्रावणात, थोडं टार्टरिक ॲसिड घातलं की लोखंडही त्रास देत नाही. मिश्रधातूंच्या कामात मला सगळ्यात आवडणारा साका तो.

---

हुपरीकर | बुधवार, सकाळी ११:४५

मी हॉलमार्किंगच्या कामात आहे, आमचंही सगळं वजनावरच चालतं म्हणून लिहितोय. सोन्याची अग्निपरीक्षा म्हणजे नुसतं वजन. नमुन्यात अडीच-तीन पट चांदी घालायची, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून क्युपेलवर (शिसं शोषून घेणारी छोटी वाटी) भट्टीत ठेवायचं. शिसं वितळतं, तांबं वगैरे हलक्या धातूंना घेऊन क्युपेलमध्ये जिरतं आणि वर सोन्या-चांदीचा मणी राहतो. मणी ठोकून, लाटून पट्टी करायची, गुंडाळी करून नायट्रिकमध्ये उकळायची, चांदी विरघळते. राहिलेली गुंडाळी आधी मातकट तपकिरी दिसते आणि तापवली की एकदम सोन्याचा रंग धरते. ती तोलायची. फॅक्टर एक.

आता गंमत बघा, इथंही दोन चुका उलट्या दिशेनं चालतात. थोडंसं सोनं शिशाबरोबर क्युपेलमध्ये जातं आणि थोडीशी चांदी नायट्रिकला दाद न देता गुंडाळीत राहते. एक कमी करते, दुसरी वाढवते. म्हणून आम्ही प्रत्येक घाण्याबरोबर माहीत असलेलं शुद्ध सोनं, त्याच वजनाचं, तेवढीच चांदी-तांबं घालून शेजारी लावतो. त्या चेकमध्ये जितका फरक येईल तितका बाकीच्यांत सुधारायचा. ९१६ चा शिक्का मारायचा म्हणजे हजारात एकाची चूक पण जड जाते, आणि २०२१ पासून सक्तीचं झाल्यावर प्रत्येक दागिन्याला नंबर असतो, मागं जाऊन विचारणारे असतात.

शिरोलीकर, तुमच्याकडं गॅरंटीचा गनमेटल नमुना असेल, स्पेक्ट्रोमीटर सेट करायला ठेवतात तो. त्याचा एक ग्रॅम चुरा तुमच्या नमुन्याशेजारी सुरुवातीपासून लावा. त्याचं कथील ५ च्या जागी ६ आलं की गिऱ्हाइकानं सांगायच्या आधीच तुम्हाला कळेल.

---

चंचुपात्र | बुधवार, दुपारी ४:००

हुपरीकर, हे मी आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं. धन्यवाद.

साका काय काय धरून ठेवतो यावर थिओडोर रिचर्ड्सनं हार्वर्डला आयुष्य घातलं. त्याच्या आधी बेल्जियमच्या स्टास या रसायनज्ञाचे अणुभार सगळं जग प्रमाण मानायचं, चांदीचा १०७.९३. रिचर्ड्सनं साक्यात अडकणारे क्षार, पाण्यात विरघळून हरवणारं सिल्व्हर क्लोराइड, वाळवताना आत राहणारा ओलावा, एकेक करून पकडलं आणि चांदी १०७.८८ वर आणली. १९१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला अणुभारांच्या या कामासाठीच मिळालं. स्टाससारख्या माणसाच्या हातून हे निसटलं होतं, तेव्हा शिरोलीकर, तू मनाला लावून घेऊ नकोस.

---

ओतारी | बुधवार, रात्री ९:२०

सर, वजाबाकीचं पटलं. आमच्याकडं एकदा जस्त सात-साडेसात दाखवत होते आणि बुश चालताना लवकर झिजायचे, त्याचं कारण कुणाला सापडलं नव्हतं. तिथल्या लॅबवाल्यानं जस्त कधी पाडलंच नव्हतं हे मला माहीत होतं, पण त्याचा असा अर्थ होतो हे आज कळलं.

---

शिरोलीकर | शनिवार, रात्री १०:०५

मंडळी, चार दिवसांनी येतोय, पण आकडे घेऊन आलोय.

मामांना मंगळवारीच थांबवलं. ते म्हणाले, कागद दाखव मग ऐकतो, म्हणून सरांचं ते दहा मिलिग्रॅमचं गणित कागदावर लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि चार्ज (भट्टीत टाकायच्या धातूंचं प्रमाण) होता तसाच ठेवला.

मग जुनं क्रूसिबल. अमोनियम आयोडाइड लॅबमध्ये नव्हतं, सांगलीहून मागवलं, त्यात दोन दिवस गेले. तापवल्यावर आधी जांभळी वाफ आली, मग कपाटाच्या काचेवर आतल्या बाजूनं पिवळसर-नारिंगी थर धरला, तेच कथील असणार. वाफ थांबली तेव्हा तळाला काळी, पातळ खपली उरली. नायट्रिक घातल्यावर ती निळी झाली. ते निळं बघून मी दोन मिनिटं तसाच उभा होतो, कारण तो माझा एक टक्का होता.

खपलीचं वजन ०.०१३९ ग्रॅम. म्हणजे खरं टिन ऑक्साइड ०.०६५३, कथील ५.१३. खपली विरघळवून त्यातलं तांबं काढलं, ०.०१०८ ग्रॅम, म्हणजे १.०८ टक्के, ते मिळवून तांबं ८४.६७. शिसं-जस्त तेच. नवी बेरीज ९९.५४. जुनी ९९.५५ होती! कथील एक टक्क्यानं उतरलं, तांबं एक टक्क्यानं चढलं आणि बेरीज हललीसुद्धा नाही.

गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं की तुमचा आकडा बरोबर, आमच्या साक्यात तांबं राहिलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माल घेतला.

आता परवापासून त्याच पुडीतला दुसरा नमुना लावलाय, ०.९९८७ ग्रॅम, आणि शेजारी हुपरीकरांनी सांगितल्याप्रमाणं गॅरंटीचा. नायट्रिक थोडं उरेपर्यंत आटवलं, कोरडं होऊ दिलं नाही, मग गरम पातळ नायट्रिक घालून तासभर वाफेवर मुरवलं. कागदाचा लगदा घालून गरम गरमच गाळलं, अजिबात गढूळ नाही.

---

चंचुपात्र | शनिवार, रात्री १०:४०

शाब्बास. धुताना शेवटचा थेंब पांढऱ्या टाइलवर घेऊन पोटॅशियम फेरोसायनाइड लावून बघ, तांबं असेल तर तांबूस-तपकिरी दिसेल. पण एक लक्षात ठेव, थेंब स्वच्छ आला तरी आयोडाइड टाळू नकोस. धुण्यानं बाहेरचं जातं, साक्याच्या पोटातलं जात नाही.

---

मृण्मयी_अकरावी | रविवार, सकाळी ९:१५

दादा, दुसऱ्या नमुन्याचं काय आलं ते नक्की लिहा हं. मी पण वहीत तुमचे आकडे उतरवून परत गणित केलं, ५.१३ आलं.

---

शिरोलीकर | सोमवार, रात्री ८:५०

मृण्मयी, हे घे. धुण्याच्या तिसऱ्या थेंबाला चांगलाच तपकिरी डाग, सातव्याला फिकट, नवव्याला काहीच नाही. जाळल्यावर ऑक्साइड पांढरं, कडेलाही पांढरं, वजन ०.०६७२ ग्रॅम. सर म्हणाले होते तसं तरीही आयोडाइड लावलं, मागं ०.००२१ ग्रॅम राहिलंच. म्हणजे ०.०६५१, गुणिले ०.७८७७, भागिले ०.९९८७. कथील ५.१३.

गॅरंटीच्या नमुन्याचं शिसं आज वाळतंय, जस्त गुरुवारपर्यंत होईल.